आधी ग्रुपमध्ये या, मग अफवांवर बोला

खरीप जवळ आला की लातूर-नांदेडकडच्या शेतकरी मेळाव्यांत एक उपदेश हमखास ऐकायला मिळतो. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपांच्या नादी लागू नका, तिथे कोणीही उठतो आणि काहीही सांगतो. अधिकृत ॲप घ्या, अधिकृत सल्ला पाळा. समोरची मंडळी माना डोलावतात. त्यांतले बरेच जण त्याच वेळी मांडीवरच्या मोबाइलमध्ये तोच ग्रुप चाळत असतात.

या उपदेशामागची भीती खरी आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो.

भीतीचं आधी बोलू. ग्रुपमध्ये अफवा असतात. टॉनिकच्या बाटलीचा फोटो टाकून शेजारी भरघोस उताऱ्याचा आकडा लिहिणारा विक्रेता असतो. पानावरचा एक डाग पाहून पाच जण पाच औषधं सांगतात आणि एखादा बहाद्दर पाचही एकाच पंपात कालवतो. सल्ला चुकला तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेलं नसतं. असे आक्षेप घेणाऱ्यांत चांगले शास्त्रज्ञ आहेत, पोटतिडकीने काम करणारे कृषी अधिकारी आहेत. ते शेतकऱ्याचे वैरी नव्हेत. पण जिथे चुकीचं बोललं जातं तिथे बरोबर बोलणाऱ्याने जायचं, की ऐकणाऱ्यांनाच तिथून उठवायचं?

२०२२ चा जुलै आठवून पाहा. लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या पट्ट्यात नुकतं उगवलेलं सोयाबीन रातोरात नाहीसं होऊ लागलं. सकाळी शेतात जावं तर ओळीच्या ओळी खाल्लेल्या. शंखी गोगलगायी. दिवसा त्या बांधाच्या गवतात, दगडाखाली, ओल्या पाचोळ्यात दडून बसतात आणि अंधार पडला की पिकावर येतात. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून बाहेर पडायचं आणि ओलसर मातीत अंड्यांचे पुंजके घालायचे, हा त्यांचा क्रम. उपाय परभणीच्या कृषी विद्यापीठाला ठाऊक होते आणि त्याने ते सांगितलेही : संध्याकाळी व पहाटे हाताने वेचा, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेने अंथरा आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मारा, बांधालगत चुन्याचा पट्टा ओढा, फारच झालं तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, पण कुत्री-कोंबड्या-जनावरं सांभाळून.

यातला एकही उपाय एकट्याने करण्याजोगा नाही. मी माझं रान वेचून काढलं आणि शेजाऱ्याने नाही काढलं, तर दोन रात्रींत त्याच्या गोगलगायी माझ्याकडे. सातबारा पाहून गोगलगाय बांध ओलांडत नाही. गोळ्या टाकल्या तर ते शेजाऱ्याला त्याच दिवशी कळायला हवं, कारण कुत्रं त्याचं आहे. गोगलगायीबद्दल दहा हजार लोकांना दहा हजार स्वतंत्र संदेश पाठवून काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं म्हणजे ‘आज दिवेलागणीला ओढ्याकडच्या बांधावर सगळे या’ हे वाक्य, आणि ते कुठल्याही ॲपला म्हणता येत नाही. ते गावच्या ग्रुपवरच पडतं. उद्या त्याच ग्रुपवर कोणी ‘रानात मीठ विस्कटा, गोगलगाय मरते’ असं लिहिलं, तर ‘बाबांनो, बादलीतल्या पाण्यात टाका मीठ, जमिनीत नको, रान खराब होईल’ असं उत्तर देणारा माणूसही तिथेच लागतो. तो माणूस अधिकृत ॲपच्या जाहिरातीत गुंतलेला असेल तर मीठ जमिनीत जाणारच.

अफवांचा मुद्दा निघाला की बोट सर्वांत आधी पावसाच्या अंदाजांकडे जातं. परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डखांचे अंदाज मराठवाड्यात घरोघर पोचले, हे कोणी नाकारणार नाही. माझं मत सरळ आहे : पंधरा दिवस, महिनाभर आधी तारीख लावून गावाचा पाऊस सांगणं आजच्या हवामानशास्त्राच्या आवाक्यात नाही, सांगणारा कोणीही असो. पण तेवढं बोलून मोकळं होता येत नाही. लोक का ऐकतात, याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ‘शेतकरी भोळा आहे’ हे काही उत्तर झालं नाही. ज्याने बियाण्याच्या बॅगा उधारीवर उचलून घरात रचल्या आहेत त्याचा प्रश्न एवढाच असतो : उद्या पेरू, का थांबू? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे त्याला तोंडपाठ आहे. झाला तो पाऊस त्याच्या शिवारात किती झाला आणि पुढचा खंड केवढा, हे त्याला हवं असतं. हवामान खातं सांगतं, जिल्ह्यात ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस. खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हटलं की ५० टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंतची पायरी, आणि त्यापुढे सर्वदूर. शास्त्र म्हणून हे प्रामाणिक आहे. पण औशात धो-धो पडला आणि रेणापूर कोरडं राहिलं तरी अंदाज बरोबरच ठरतो, आणि रेणापूरच्या माणसाने काय करायचं ते त्यात कुठेच येत नाही.

मधला दुभाष्या हवा असतो. तो होताही. कृषी विज्ञान केंद्रांमधून तालुका पातळीवरचा हवामान-सल्ला देण्यासाठी देशभर १९९ जिल्हा कृषी-हवामान केंद्रं उभी राहिली होती. २०२४ मध्ये ती बंद झाली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची मंगळवार-शुक्रवारची पत्रिका निघते, चांगली असते. पण एका पत्रिकेने आठ जिल्ह्यांच्या शिवारांशी बोलायचं म्हटलं तर आवाज किती पुरणार? तालुक्याला समजावून सांगणारी माणसं काढून घ्यायची आणि मग लोक यूट्यूबवर पाऊस शोधतात म्हणून नाकं मुरडायची, हे मला पटत नाही.

उपदेशाच्या तळाशी आणखी एक समजूत आहे, ती जास्त घातक. शेतकऱ्याकडे माहिती नाही, म्हणून तो मागे आहे. माहिती मोबाइलवर पोचवा, झालं. हा प्रयोग महाराष्ट्रात फार पूर्वी होऊन गेला. २००७ मध्ये रॉयटर्सने बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठीत एसएमएसवर देणारी ‘मार्केट लाइट’ सेवा सुरू केली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिची रीतसर चाचणी घेतली. काही शेतकऱ्यांना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि तुलना केली. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले : हातात पडणाऱ्या भावात, पिकाच्या नुकसानीत किंवा पीकपद्धतीत म्हणण्याजोगा सरासरी फरक आढळला नाही. ज्यांना नव्या ॲपचं उद्घाटन करायचं असेल त्यांनी हा निबंध आदल्या रात्री वाचावा.

लातूरच्या शेतकऱ्याला याचं नवल वाटणार नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे, हे शाळकरी पोराला माहीत होतं. आडतीतला रोजचा भाव त्याहून खाली आहे, हेही मोबाइलवर घटकेघटकेला दिसत होतं. माहिती दोन्ही बाजूंनी पूर्ण. पण खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के, आणि राशी पावसात भिजलेल्या. ती अट १५ टक्क्यांवर आली नोव्हेंबरात. तोवर उधारीवाल्याने दार वाजवलं होतं आणि कित्येकांचा माल कधीच मोंढ्यात गेला होता. भावाच्या बाबतीत शेतकऱ्याला ज्ञान पाजण्याची गरज नाही; तिथे अडचण गोदामाची, पैशाची आणि वेळेवर न झालेल्या सरकारी निर्णयाची आहे. ते ओझं मोबाइलच्या डोक्यावर टाकू नये.

मोबाइलचा खरा उपयोग वेगळ्या जागी आहे, आणि तिथे तो उलटप्रश्नावर चालतो. २०२३ चं उदाहरण घ्या. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी गेला, आणि पाठोपाठ आपल्याकडे सोयाबीन पिवळं पडायला लागलं. पिवळं का पडलं, याची निदान तीन उत्तरं असतात. चुनखडीच्या रानात लोहाची कमतरता असेल तर कोवळं पान शिरा हिरव्या ठेवून पिवळं होतं, आणि ते पट्ट्यापट्ट्यांत दिसतं. पांढऱ्या माशीने आणलेला पिवळा मोझॅक असेल तर आधी तुरळक झाडं, पानांवर वेडेवाकडे पिवळे चट्टे. ताण बसून मूळकूज, खोडकूज लागली असेल तर झाड उपटून बुडखा पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्याला सूक्ष्म अन्नद्रव्याचा फवारा लागू पडतो. दुसऱ्यात रोगट झाड कुठल्याही फवाऱ्याने बरं होत नाही. ते सुरुवातीलाच उपटून टाकायचं आणि माशी आवरायची. तिसऱ्यात फवाऱ्याचे पैसे पाण्यात.

आता लांबून काढलेल्या फोटोत ही तिन्ही पिवळी रानं बरीचशी सारखीच दिसतात. फरक कळतो तो विचारल्यावर : सगळं रान पिवळं का मधली-मधली झाडं? नवं पान का जुनं? उपटून पाहिलंस का? हे तीन प्रश्न विचारणारा माणूस ग्रुपमध्ये असला, मग तो शास्त्रज्ञ असो की पलीकडच्या गावात गेल्या वर्षी हात पोळून घेतलेला शेतकरी, तर शेकडो रुपयांची बाटली वाचते. नसला, तर शेतकरी तोच फोटो घेऊन कृषी सेवा केंद्रात जातो. तिथे उलटप्रश्न विचारला जात नाही, तिथे बाटली दिली जाते. वर उधारीही मिळते. उधारी देणाऱ्याचा सल्ला मोडणं सोपं नसतं, हे व्यासपीठावरच्यांनी कधी लक्षात घेतलेलं दिसत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७० व्या फेरीत, २०१३ साली, देशातल्या सुमारे ५९ टक्के शेतकरी कुटुंबांना कुठूनच तांत्रिक सल्ला मिळत नसल्याचं निघालं होतं. सरकारी नाही, खासगी नाही. या पोकळीत ग्रुप जन्माला आले. विस्तार यंत्रणा जागेवर होती आणि शेतकऱ्याने तिला सोडून ग्रुप धरला, असं झालेलं नाही.

आणि ‘अधिकृत’ यंत्रणा मोबाइलवर शेतकऱ्याशी नेमकं करते काय? मागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची, सर्व्हर चालत नसेल तर पुन्हा यायचं. ती नोंद अनुदानाला लागते, हमीभावाच्या खरेदीला लागते. २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. २०२४ पर्यंत नुकसान झालं की ७२ तासांत विमा कंपनीला कळवावं लागे, तेही मोबाइलवरून. खालून वर माहिती पाठवण्यात आमचा अडाणी ठरवलेला शेतकरी एव्हाना चांगला तयार झालेला आहे. वरून खाली मात्र हुकूम येतात आणि शुभेच्छा येतात. क्रॉपसॅपचंच पाहा. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन पानं खाणाऱ्या अळीने फस्त केलं, त्यातून धडा घेऊन पुढच्या वर्षी ही कीड-सर्वेक्षण योजना उभी राहिली. योजना उत्तम आहे, देशात नावाजलेली आहे, मी तिचा चाहता आहे. सर्वेक्षक शेतात जाऊन अळ्या मोजतात, मोजणी संगणकावर चढते, नुकसानीची पातळी ओलांडली की सल्ला निघतो. शेतकऱ्याच्या हातात येतो तो सल्ला. शेजारच्या गावात या आठवड्यात मीटरभर ओळीत किती अळ्या सापडल्या, गेल्या आठवड्यात किती होत्या, हे आकडे त्याच्यापर्यंत सहसा येत नाहीत. ते आले तर फवारायचं की नाही, हे तो स्वतः ठरवेल. बहुधा म्हणूनच ते द्यायला मन होत नसावं.

आता पाळी कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद ठरवली. त्याच वर्षी ‘महाविस्तार’ हे ॲप आलं. त्याला मराठीत विचारता येतं आणि ते मराठीत उत्तर देतं. यात वाईट काही नाही. रात्री अकरा वाजता तणनाशकाचं प्रमाण विचारायला त्याच्याइतका हजर कोणी नसेल. पण ग्रुपवर घेतलेला आक्षेप इथे लावून पाहा : सल्ला चुकला तर जाब कोणाला विचारायचा? ग्रुपमधला सल्लागार कोणाचा तरी मेव्हणा असतो, पुढच्या बाजाराच्या दिवशी तो भेटतो, त्याची कॉलर धरता येते. ॲपची कुठून धरणार? त्याच २०२५ च्या मे महिन्यात कृषी सहायक आंदोलनाला उतरले होते, आणि त्यांच्या मागण्यांत एक मागणी लॅपटॉपची होती. ज्यांच्या हातांनी ही डिजिटल शेती गावात उतरायची, त्यांना साधं यंत्र मागायला रस्त्यावर यावं लागलं.

कोणी म्हणेल, ग्रुपमध्ये शास्त्रज्ञ येऊन बोलू लागला तर तो त्या गोंगाटात बुडेल. बुडत नाही, याचा पुरावा आहे. २०१८ मध्ये कर्नाटकात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात शिरली. ती मक्यावर आणि उसावर इथे आल्याची पहिली शास्त्रीय नोंद करणाऱ्यांत कीटकशास्त्रज्ञ अंकुश चोरमुले आहेत, आणि तेच ‘होय आम्ही शेतकरी’ या समूहातले एक जाणते. शेतकऱ्यांचे फोटो ज्या माणसाकडे रोज येतात त्याला नवी अळी लवकर दिसते, यात चमत्कार काही नाही. त्याहून जुना दाखला द्राक्षाचा. मोबाइल नव्हता तेव्हापासून द्राक्ष बागायतदार संघाच्या लोकांनी एकमेकांच्या बागा पाहून, शास्त्रज्ञांना बागेत बोलावून, प्रसंगी त्यांच्याशी वाद घालून आपलं ज्ञान उभं केलं. लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांत सोयाबीन लाखो हेक्टरांवर आहे, पण सोयाबीनवाल्यांचा तसा संघ नाही. कोरडवाहू माणसाला वर्गणी परवडत नाही आणि त्याच्यासाठी नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांसारखा सल्लागारही फिरकत नाही. त्याचा संघ म्हणजे हाच मोडकातोडका ग्रुप.

मोडकातोडका म्हणालो, ते तोलूनमापूनच. ग्रुपला आठवण नसते. गोगलगायींचं २०२२ मधलं सगळं शहाणपण वर सरकून गेलं. पुढे पुन्हा पहिल्या पावसात त्या निघाल्या की चर्चा शून्यापासून. अ‍ॅडमिन स्वतःच औषधविक्रेता असेल तर ग्रुप म्हणजे त्याचं दुकान. आणि बाई तिथे जवळजवळ दिसत नाही. खुरपणी, वेचणी, बियाण्याची निवड तिची, फोन नवऱ्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ग्रामीण भारतातल्या निम्म्याहून कमी स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. तरीही लातूर-धाराशिवच्या भागातच त्याला उत्तर उभं राहिलेलं आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घरबांधणीच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेचं काम तिथून वाढलं. पुढे त्याच बायकांनी घरच्यांकडून एखादा एकर मागून घेऊन त्यात डाळी, भाज्या, धान्यं मिसळून पेरली, आणि एकीने दुसरीला शिकवलं. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक त्या कामाला मिळालं. त्या बायकांनी आधी एकमेकींना विचारायची सवय लावून घेतली होती. फोन नंतर हातात आला.

तेव्हा माझं मागणं ॲप बंद करण्याचं नाही आणि ग्रुपला डोक्यावर घेण्याचंही नाही. विद्यापीठाच्या, कृषी विज्ञान केंद्राच्या, कृषी खात्याच्या माणसाने आपल्या नावानिशी तालुक्यातल्या ग्रुपांत बसावं, आणि ते त्याच्या कामाच्या तासांत धरलं जावं; घरी जाऊन रात्री करायची समाजसेवा म्हणून नव्हे. उत्तर माहीत नसेल तर ‘उद्या विचारून सांगतो’ एवढं लिहावं. शेतकऱ्याच्या हातात ते वाक्य पडलं तरी तो दुकानाकडे जायचा एक दिवस थांबतो. आवाजात विचारलेल्याला आवाजात उत्तर द्यावं, कारण टंकायला हात वळत नसलेली माणसं अजून खूप आहेत. ग्रुपमधले चांगले प्रश्न आणि तपासलेली उत्तरं दर हंगामाअखेर कोणी तरी गावाच्या नावाने एका उघड्या जागी लिहून ठेवावीत. महाविस्तारला शिकवायचंच असेल तर त्याने ती वाचावीत. ५०० कोटींतला जो भाग यंत्रांवर जाणार आहे त्याच्या शेजारी, मंडळा-मंडळात उत्तर देणाऱ्या माणसांवर किती जाणार, तो आकडा सरकारने जाहीर करावा.

आणि यातलं एक काम तर बिनपैशाचं आहे. क्रॉपसॅपची मंडळनिहाय मोजणी आणि मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा पाऊस, दर आठवड्याला, मोजणाऱ्याच्या नावासह, जशीच्या तशी गावच्या ग्रुपवर टाकायची. सुरुवात येत्या मृगापासून करता येईल. सोयाबीनवरची खोडमाशी आणि चक्री भुंगा त्यानंतर फार दिवस थांबत नाहीत.